खारे पाणी : पाणी की खनिज?



बॅटरीवर चालणारी वाहने आता तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहेत. त्या बॅटरीत लिथियम नावाचा हलका धातू लागतो. तो काही ठिकाणी खडकातून, तर काही ठिकाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून काढतात. चिली देशातील अटाकामा वाळवंटात हे खारे पाणी पंपाने उपसून मिठागरासारख्या उथळ तळ्यांत सोडतात. वर्ष-दीड वर्ष उन्हात पाणी आटते आणि क्षार दाट होत जातात. लिथियम हाती येते, पाणी मात्र वाफ होऊन जाते.

कायद्याचा पेच येथेच आहे. हे पाणी समजावे की खनिज? चिलीने १९७९ साली लिथियम सरकारकडे राखून ठेवले. तेथे असे खारे पाणी खाणकायद्याखाली धरतात. पाण्याचा कायदा त्याला लागत नाही. कडेच्या गावांची तक्रार अशी की, खाऱ्याचा उपसा वाढला की शेजारचे गोडे पाणीही ओढले जाते. मग दाद कोणत्या कायद्याखाली मागायची?

आपल्याकडे २०२३ साली जम्मूतील रियासी येथे ५९ लाख टन लिथियम खनिजाचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला. ते खारे पाणी नव्हे, खडकातले खनिज आहे. त्याच वर्षी खाणकायदा बदलून लिथियमच्या लिलावाचा अधिकार केंद्राकडे गेला. आपल्या बीडखाली बहुतेक काळा कातळ आहे. बोअरला खारे पाणी लागले म्हणजे त्यात लिथियम असते, असे नाही. असे सांगून कोणी तपासणीचे किंवा कराराचे पैसे मागितले, तर देऊ नका.

मग आपल्या शेताखाली आहे ते कोणाचे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार खनिजांवरचा हक्क सर्वसाधारणपणे सरकारचा. खाणकामाने शेताचे नुकसान झाले, तर जमीनधारकाला भरपाई मिळण्याची तरतूद १९५७ च्या खाणकायद्यात आहे. पाण्याचा उपसा आपण करतो, पण तोही मोकाट नाही. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत, एकाच पाणलोटात, परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्यानेच मनाई केली होती. पुढे २००९ चा भूजल अधिनियम आला व २०१४ पासून अमलात आला. साठ मीटरपेक्षा खोल विहीर वा बोअर त्याच्या नियंत्रणाखाली येते.

तेव्हा दोन कामे करावीत. आपली विहीर, बोअर व झाडे सातबाऱ्यावरील पीक पाहणीत नोंदली आहेत का, ते तलाठ्याकडे पाहावे. भरपाईच्या वेळी कागदच बोलतो. आणि दिवाळीनंतर व उन्हाळ्यात विहिरीची पातळी दोराने मोजून तारखेसह वहीत लिहावी. पाणी घटले असे नुसते तोंडी सांगून भागत नाही. शेजाऱ्यांनीही अशीच वही ठेवली, तर गावाच्या अर्जाला वजन येईल.