ईदच्या सहलीला निघण्याआधी

ईद झाली की आपल्याकडच्या गाड्या मुरूड, काशीद, हरिहरेश्वरकडे वळतात. बिर्याणीचा डबा, चटई, बॅट-बॉल सारे आठवणीने घेतले जाते. भरती-ओहोटीची वेळ मात्र कुणी विचारत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. आम्हा शिक्षकांना ती तारीख विसरता येत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण असते, हे कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला ठाऊक आहे. आता आपला हिशेब पाहा. रमजान ईद शव्वालच्या पहिल्या चांदला येते, म्हणजे ऐन उधाणात! भरती मोठी, तशी ओहोटीची ओढही मोठी. पाणी मागे सरते, उथळ भासते, मुले त्याच्यामागे जातात आणि पायाखालची वाळू सरकते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारावे. तो नको म्हणाला तर वाद घालू नये. आणि भगिनींनो, भिजलेला बुरखा फार जड होतो, पायांत अडकतो. किनाऱ्यावरूनच लाटा पाहाव्यात, असे आम्हाला वाटते.

बुडणारा बहुधा ओरडत नाही, त्याला तेवढा दमच नसतो. त्याच्यामागे उडी घेऊ नका. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, दोरी, गाठी मारलेल्या ओढण्या फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटे धरू नका. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि पुन्हा 2 श्वास, हे चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर 108 ला फोन करावा.