मूळ गायक गेल्यावर बॅण्डचे काय होते?

लिंकिन पार्क हा अमेरिकन रॉक बॅण्ड आपल्या घरांतील तरुण मंडळींच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याचा गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ रोजी वारला आणि बॅण्ड जवळजवळ सात वर्षे गप्प राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये उरलेल्या मंडळींनी एमिली आर्मस्ट्राँग ही गायिका त्याच्या जागी घेतली. ड्रम वाजविणाराही नवा आला. नोव्हेंबरात ‘फ्रॉम झीरो’ हा नव्या गाण्यांचा संच निघाला. पुढे २०२५ मध्ये मुंबईच्या लोलापालूझा महोत्सवासाठी त्यांचे नाव जाहीर झाले. जुन्या चाहत्यांत मात्र दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, बॅण्ड जिवंत झाला. दुसरा म्हणतो, हा तो बॅण्डच नव्हे.

वाचकहो, मराठी पानावर रॉकची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु ह्या वादाचा आपल्याशीही संबंध आहे. तो कसा, हे ओघाने येईलच.

प्रथम ‘मूळ’ म्हणजे कोण ते पाहू. चेस्टर हा लिंकिन पार्कचा पहिला गायक नव्हता. बॅण्डचे नाव ‘झीरो’ होते तेव्हा मार्क वेकफील्ड गात असे. तो सोडून गेल्यावर १९९९ मध्ये चेस्टर आला. म्हणजे ज्याच्या जागी आता दुसरे कोणी नको असे चाहते म्हणतात, तो स्वतःच दुसऱ्याच्या जागी आलेला होता.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. क्वीन ह्या इंग्रजी बॅण्डचा फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारुख बुलसारा. तो ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला, म्हणजे आपल्याच हिंदी महासागरातील एका बेटावर, पारशी कुटुंबात जन्मला. वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. तेथे मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बॅण्ड काढला, त्यात तो पियानो वाजवी. १९६४ च्या झांझिबारच्या क्रांतीनंतर हे कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे ब्रायन मे व रॉजर टेलर ह्यांच्या ‘स्माइल’ बॅण्डमधून टिम स्टॅफेल हा गायक १९७० मध्ये बाहेर पडला. त्याच्या रिकाम्या जागी फारुख आला आणि त्या बॅण्डचे क्वीन झाले. जॉन डीकन तर १९७१ मध्ये आला. मूळ म्हणून आपण ज्यांची नावे घेतो त्या चौघांतील दोघे असे मागाहून आलेले होते.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी वारला. १९९७ नंतर डीकनही निवृत्त झाला. उरलेल्या दोघांनी पुढे पॉल रॉजर्स ह्या नामांकित गायकाला बरोबर घेतले, पण नाव लावले ‘क्वीन अधिक पॉल रॉजर्स’. २००८ मध्ये त्यांनी एक नवा संच काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचा कार्यक्रम दुबईच्या फेस्टिव्हल सिटीत झाला. २००९ मध्ये ही जोडी सुटली. त्यानंतर आलेला अॅडम लॅम्बर्टही ‘अधिक’ लावूनच गातो. मैदाने भरतात, परंतु लॅम्बर्टला घेऊन नव्या गाण्यांचा संच निघालेला नाही. ह्या ‘अधिक’ शब्दात प्रामाणिकपणा आहे. गेलेल्याची जागा कोणी बळकावली नाही, असे तो सांगतो. पण नवा माणूस पाहुणाच राहिला, हेही तोच सांगतो.

मग काही बॅण्ड माणूस गेल्यावर तगतात आणि काही का मोडतात? आमच्या मते पहिले कारण असे की, गाणी कोण रचतो ते पाहावे लागते. आवाज लोकांच्या कानात बसलेला असतो, म्हणून गायक गेल्याची उणीव सर्वांत आधी जाणवते. परंतु क्वीनमध्ये चौघेही गाणी रचीत. ‘वुई विल रॉक यू’ हे मेचे, ‘रेडिओ गा गा’ टेलरचे, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ डीकनचे. म्हणून गायक गेल्यावरही घर अगदी ओस पडले नाही. एसी/डीसी ह्या बॅण्डचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी वारला आणि त्याच वर्षी जुलैत ब्रायन जॉन्सनच्या आवाजात ‘बॅक इन ब्लॅक’ हा संच निघाला. तो जगात अतिशय खपला. वेष्टन काळे ठेवून गेलेल्याचा मान राखला होता, आणि मॅल्कम व अँगस यंग ह्या भावांच्या गिटारी त्याच होत्या.

दुसरे कारण, नव्या माणसाला नक्कल करावयास लावले काय? दिल्लीच्या इंडियन ओशन बॅण्डमध्ये अशीम चक्रवर्ती एकाच वेळी गाई आणि तबला वाजवी. डिसेंबर २००९ मध्ये तो वारला. त्याच्यासारखा दुसरा शोधीत न बसता बॅण्डने हिमांशू जोशी गाण्यास आणि तुहीन चक्रवर्ती तबल्यास असे दोघे घेतले. २०१३ मध्ये संस्थापक गिटारवादक सुश्मित सेनही बाहेर पडला व निखिल राव आला. २०१४ मध्ये ‘तंदानू’ हा नवा संच निघाला. मुंबईच्या रॉक मशीनची हकीकतही अशीच. बॅण्ड १९८४ मध्ये निघाला, पहिला गायक इयान सांतामारिया गेल्यावर उदय बेनेगल आला, आणि १९९३ मध्ये त्याचे इंडस क्रीड झाले. महेश तिनईकरची गिटार मात्र पहिल्यापासून तीच राहिली.

ज्या दुबईत क्वीनचा तो कार्यक्रम झाला, तेथेच शारजाच्या हद्दीजवळ अल कुसैस ही वस्ती आहे. भारतीय कुटुंबे तेथे पुष्कळ आहेत, भारतीय शाळाही आहेत. खाजगी नोकरीचा व्हिसा साधारणपणे दोन वर्षांचा. नोकरी सुटली की गाणारा किंवा ढोलकी वाजविणारा मायदेशी परततो. अशा ठिकाणी गाण्याचा गट चालवावयाचा तर माणसे बदलणार हे पहिल्या दिवसापासून धरून चालावे लागते. दुसरा गडी आधीच तयार नसेल तर पुढच्या गणपतीला आरतीपुरताही मेळ बसावयाचा नाही.

आपल्या बेटावर कोणाचा व्हिसा संपत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. आपली झाकरी पाहा. १९ व्या शतकात कोकणातून आलेल्या पूर्वजांनी जाखडी येथे आणली. त्या मूळ गाणाऱ्यांपैकी आज कोणीही नाही. प्रत्येक पिढीत माणूस बदलला, आणि तरीही फेर चालू राहिला. चिंता आहे ती आताच्या पिढीची. वडीलधाऱ्या गायकाची गाणी पुष्कळदा त्याच्या तोंडी असतात, वहीत नसतात. घरात क्रिओल बोलले जाते, त्यामुळे नातवाला शब्द पाठ होतात, अर्थ कळत नाही. गणेशचतुर्थीला आजोबांचा आवाज बसला की त्याला पुढे करतात आणि ‘अगदी आजोबांसारखे म्हण’ असे बजावतात. त्याचे थोडे चुकले की मंडळी हसतात, आणि पुढच्या वर्षी तो येत नाही. मग पथक बंद पडते आणि आपण दोष तरुणांना देतो.

वर पाहिलेल्या उदाहरणांवरून आम्ही तीन सूचना करतो. आजोबा गात आहेत तोवरच नातवाला त्यांच्या शेजारी बसवावे, म्हणजे जागा एका रात्रीत रिकामी होणार नाही. गाणी वहीत उतरवून त्यांखाली रचणाऱ्याचे नाव व अर्थ लिहावा. हे काम शाळेतील मराठीच्या तासालाही करता येईल. आणि दर वर्षी निदान एक नवे गाणे नव्या गायकाला त्याच्या चालीत, त्याच्या आवाजात म्हणू द्यावे, मग ते वडील मंडळींना थोडे वेगळे वाटले तरी चालेल. नव्या गायकाला ‘अधिक’ म्हणून पाहुणा ठेवावयाचे की घरचा करावयाचे, हे प्रत्येक मंडळाला ठरवावे लागेल. आमचे मत घरचा करण्याकडे आहे. येत्या गणेशचतुर्थीपूर्वी मंडळांच्या सभा होतील, तेव्हा हा विषय सभेपुढे अवश्य ठेवावा.