गळा खाडीवर, जीव टांगणीला

वसई-विरारचा अत्यवस्थ रुग्ण मुंबईला हलवायचा, तर रुग्णवाहिकेची मुख्य वाट वर्सोवा पुलावरून वसईची खाडी ओलांडते. तिथे कोंडी झाली की सायरनही हतबल. फोर्ड आणि फल्कर्सन यांचे १९५६ सालचे गणित सांगते : जाळ्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाईल, हे त्याच्या सर्वांत अरुंद गळ्यावर ठरते. म्हणजे नुसत्या रुग्णवाहिका वाढवून भागणार नाही. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांतच द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन हवा. पूल रातोरात रुंद होत नाही. पण खाडी ओलांडण्याची गरज कमी करता येते. ही सोय, चोवीस तास, खाडीच्या अलीकडे सरकारी रुग्णालयातच हवी.