आपले 'होते' आणि इंग्रजीचा 'हॅड'



हल्ली घरातली शिकलेली मुले नुकसानीचा अर्ज इंग्रजीत लिहून देतात. समजा, सोयाबीन कापून शेतात पसरले होते, मग पाऊस आला. मुलगा लिहितो, 'व्हेन द रेन केम, वुई कट द सोयाबीन.' वाचणारा समजतो, पाऊस आला म्हणून कापणी केली! येथे 'वुई हॅड कट' हवे. मागच्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती, हे 'हॅड' सांगतो. 'कट'चे रूप भूतकाळातही बदलत नाही, म्हणून तर घोटाळा अधिक.

मात्र आपल्या 'होतो'वर जाऊ नका. 'काल बाजाराला गेलो होतो' हे मराठीत शोभते. इंग्रजीत नुसते 'आय वेंट' पुरे. हा फाजील 'हॅड' मुलांपेक्षा आम्हा कचेरीवाल्यांच्याच कागदांत जास्त सापडतो.

'मी औषध मारले, असे गड्याने सांगितले' यात 'सेड'नंतर 'ही हॅड स्प्रेड' लिहावे. 'बिफोर' किंवा 'आफ्टर' असेल तर क्रम उघडच असतो. तेथे साधा भूतकाळही चालतो.

अर्ज मराठीत दिलेला केव्हाही बरा. इंग्रजीत द्यायचाच, तर सही करण्यापूर्वी मुलाकडून वाचून घ्या आणि विचारा, यात आधी काय झाले, पाऊस की कापणी?