जीवशास्त्रांतील विटा व त्यांची पारख

यंत्रशाळेंतील कारागीर झिजलेला स्क्रू काढून त्याच मापाचा दुसरा बसवितो आणि काम पुढें चालूं लागतें. ही सोय आपोआप झालेली नाहीं. स्क्रूच्या आट्यांचें एकच माप सर्वांनीं पाळावें, असें इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं सुचविलें; तोंपर्यंत कारखान्याकारखान्यांचे आटे निराळे असत. हाच विचार सजीव पेशींस लागू करण्याचा उद्योग आज चालला आहे. त्यास संश्लेषी जीवशास्त्र म्हणतात.

पेशीच्या कामाचे हुकूम तिच्या डीएनएच्या धाग्यावर लिहिलेले असतात. अमेरिकेंत एम. आय. टी. या संस्थेंतील टॉम नाइट यांनीं २००३ सालीं अशी योजना मांडली कीं, या धाग्याच्या प्रत्येक सुट्या तुकड्याचीं टोकें ठराविक असावीं, म्हणजे कोणताही तुकडा दुसऱ्यास जोडतां येईल आणि जोडकामाचीं टोकेंही पुनः तशींच राहतील. या तुकड्यांस 'बायोब्रिक', म्हणजे जीवशास्त्रांतील विटा, हें नांव मिळालें. त्यांचें भांडार तेथेंच उघडलें. २००४ सालीं पांच विद्यार्थिसंघांची 'आयजेम' स्पर्धा भरली. पुढें तींत हायस्कुलांचे संघही येऊं लागले.

परंतु विटा जुळल्या म्हणजे भिंत टिकली, असें नव्हे. 'प्रमोटर' नांवाचा तुकडा आपल्यापुढील जनुकानें किती जोरानें काम करावें, हें ठरवितो. त्याच्यापुढें हिरवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचें जनुक जोडतात व जीवाणूंचा उजेड मोजून त्याचा जोर काढतात. पण हा जोर एका प्रयोगशाळेंत एक भरे, तर दुसरींत निराळाच. कारण परिस्थिती निराळी आणि यंत्रेंही निराळीं. २००९ सालीं जेसन केली व त्यांचे सहकारी यांनीं तोड काढली: एक प्रमोटर प्रमाण मानून सोबत मोजावा आणि इतरांचा जोर त्याच्या पटींत सांगावा. त्यामुळें हा फरक सुमारें निम्म्यानें घटला. निम्मा उरला, हेंही त्यांच्या आंकड्यांवरून सर्वांस कळलें.

कोणी म्हणेल, सजीव वस्तु म्हणजे स्क्रू नव्हे. आक्षेप खरा आहे. तोच तुकडा निराळ्या शेजाऱ्यांजवळ निराळा वागतो. पण म्हणूनच नोंद अधिक काटेकोर पाहिजे. भांडारांतील वीट दूरदेशींचा अनोळखी मनुष्य उचलतो. त्याचा आधार काय तो नोंदीचा. नोंद खोटी निघाली, तर त्याचे श्रम फुकट जातात. यास्तव आमच्या मतें घडविणाऱ्याइतकाच मान पारखणाऱ्यास मिळाला पाहिजे.

आपल्या शाळांस यांतून घेण्याजोगा धडा आहे. पुस्तकांतील उत्तर आधीं पाहावयाचें आणि लोलकाचीं निरीक्षणें मागाहून त्यास जुळवावयाचीं, ही चाल प्रयोगवह्यांत फार दिसते. दोष एकट्या मुलांचा नाहीं. परीक्षेंत जुळत्या आंकड्यास गुण मिळतात आणि घरीं गुणांचीच चौकशी होते. आमची सूचना अशी कीं, न जुळणारा परंतु खरा आंकडा, तो कोणत्या परिस्थितींत आला हें लिहून ज्यानें दिला, त्यास पूर्ण गुण द्यावे. पालकांनींही 'किती गुण?' याच्या आधीं 'काय मोजलेंस?' असें विचारावें. विद्यार्थ्यांनो, तुमच्यांपैकीं कोणी उद्यां अशा विटा घडवील. त्यांवर दुसऱ्यानें विश्वास ठेवावा, अशी संवय आजच्या वहींत लागते.