चिठ्ठीत निघालेले नाव

एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चांगले चार पानी आहे, पण मुद्दा एका ओळीत मावण्याजोगा. त्यांची कन्या तेरा वर्षांची. तिने मैत्रिणीकडून एक इंग्रजी पुस्तक आणले, दोन रात्री खोलीतला दिवा मालवू दिला नाही, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सर्वांना सांगितले की, ह्या गोष्टीत मुलेच मुलांना ठार मारतात आणि सारे राष्ट्र ते दूरचित्रवाणीवर बघत बसते. मातोश्रींच्या हातातला घास हातातच राहिला. ‘असली पुस्तके मुलांनी वाचावीत काय?’ असा त्यांचा सवाल आहे.

पुस्तकाचे नाव ‘द हंगर गेम्स’. लेखिका सुझान कॉलिन्स, राहणार अमेरिका. पहिला भाग २००८ साली निघाला, पुढचे दोन २००९ आणि २०१० साली. २०१२ साली गॅरी रॉस ह्या दिग्दर्शकाने पहिल्या भागाचा चित्रपट केला आणि त्याने पहिल्या तीन दिवसांतच तिकडे १५ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला गोळा केला. तेव्हा मातोश्रींनी समजून असावे की, त्यांच्यासारखा घास हातात राहिलेल्या आया जगात पुष्कळ आहेत.

गोष्ट अशी. अमेरिकेच्या भूमीवर पुढे कधीतरी पानेम नावाचे राष्ट्र होते. पानेम हा शब्द लॅटिन, अर्थ भाकरी. श्रीमंत राजधानी एक आणि तिच्यासाठी राबणारे जिल्हे बारा. पूर्वी जिल्ह्यांनी बंड केले होते, त्याची शिक्षा म्हणून दरसाल प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडायची. ह्या चोवीस जणांना रानात सोडायचे आणि एकच उरेपर्यंत खेळ चालवायचा. बाराव्या, कोळशाच्या खाणींच्या जिल्ह्यातली सोळा वर्षांची कॅटनिस ही नायिका. चिठ्ठी निघते ती तिच्या बारा वर्षांच्या बहिणीची, प्रिमची. आणि थोरली पुढे होऊन म्हणते, हिच्याऐवजी मी जाते.

ह्या चिठ्ठ्यांत एक मेख आहे, ती बहुतेक परीक्षणांत एका वाक्यात उरकलेली असते. माझ्या मते सारे पुस्तक त्या मेखेवर उभे आहे. ज्या घरी खायला नाही त्या घरच्या मुलाने आपल्या नावाची एक चिठ्ठी जास्त टाकावी. बदल्यात एका माणसाचे वर्षभराचे बेताचे धान्य आणि तेल मिळते. घरात जितकी माणसे तितक्या चिठ्ठ्या जास्त टाकता येतात, आणि त्या दरसाल साचत जातात. सोळाव्या वर्षी कॅटनिसच्या वीस झालेल्या असतात, तिच्या मित्राच्या, गेलच्या, बेचाळीस. प्रिमला मात्र तिने अशी चिठ्ठी टाकू दिलेली नसते. हजारोंमध्ये तिची एकच, आणि तीच हाती लागते. शिध्याचा हिशेब ज्या घरात कधी झाला आहे त्या घरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता भगिनींच्या सवालाकडे येतो. कॉलिन्सबाईंनीच सांगितले आहे की, लहानपणी वाचलेली थीसिअसची ग्रीक कथा त्यांच्या मनात घर करून होती. त्या कथेत अथेन्सची सात मुले आणि सात मुली क्रीटच्या राक्षसाकडे धाडली जातात. आपल्याला इतके लांब जायला नको. एकचक्रा नगरीत बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि पाळीपाळीने एक माणूस पोचवावा लागे. ब्राह्मणाच्या घरी पाळी आली तेव्हा बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी. आणि बोबडे बोलणारे पोर गवताची काडी उगारून म्हणते, मीच त्याला मारतो! ही गोष्ट ऐकत आपण मोठे झालो. त्याहून भयंकर म्हणजे चिलयाची. आईने पोटच्या पोराला उखळात कांडल्याची कथा शिवलीलामृतात आहे आणि ती घरोघरच्या आज्यांनी नातवंडांना मांडीवर घेऊन सांगितली आहे. एकाही आजीवर कुणी आक्षेप नोंदवल्याचे मला ठाऊक नाही.

फरक आहे, तोही सांगितला पाहिजे. आपल्या कथांत शेवटी भीम येतो किंवा शंकर प्रसन्न होतो. पानेममध्ये कुणीच येत नाही. म्हणून मी भगिनींना असे सुचवीन की, पुस्तक काढून घेऊ नका, स्वतः वाचा आणि मग कन्येशी बोला. दहा वर्षांच्या धाकट्याच्या हाती मात्र इतक्यात देऊ नका. आणि तिसरा भाग ती वाचील तेव्हा घरात कुणीतरी मोठे असावे. कारण पुढे सांगतो.

अमेरिकेतले आक्षेप वाचताना मात्र मौज वाटते. तिथल्या ग्रंथालयांची मोठी संघटना आहे, अमेरिकन लायब्ररी असोसिएशन. कुठल्या पुस्तकांविरुद्ध सर्वांत जास्त तक्रारी आल्या, त्याची यादी ती दरसाल काढते. २०१० आणि २०११ अशा दोन्ही सालच्या पहिल्या दहांत हे पुस्तक होते. हिंसेची तक्रार समजण्यासारखी आहे. पण २०११ च्या कारणांत ‘कुटुंबविरोधी’ असेही एक होते! बहिणीसाठी जीव द्यायला निघालेल्या मुलीची गोष्ट कुटुंबविरोधी ठरवायची, तर रामायणातल्या लक्ष्मणाचीही चौकशी करावी लागेल.

त्याच २०११ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये एका समीक्षिकेने लिहिले की, मुलांची पुस्तके फार काळोखी झाली आहेत. त्यावर तरुण वाचक असे उसळले की विचारू नका. आम्हांला घरी मार बसत होता, आम्ही एकटे होतो, तेव्हा ह्याच पुस्तकांनी आम्हांला तारले, अशा अर्थाचा मजकूर ट्विटरवर शेकडोंनी लिहिला. मुलांना काळोख पुस्तकातून कळतो अशी आपण मोठ्या माणसांनी सोयीस्कर समजूत करून घेतलेली असते.

चित्रपटाविषयी थोडक्यात. जेनिफर लॉरेन्स ह्या नटीने कॅटनिसचे काम उत्तम केले आहे, फक्त ती उपाशी दिसत नाही अशी कुरकुर झाली, रास्त होती. कॅमेरा सारखा हलत राहतो, त्याने काहींना भोवळ आली. बारा वर्षांखालच्या मुलांनाही मोठ्यांबरोबर पाहता यावा म्हणून ब्रिटनमध्ये सात सेकंदांचे रक्त काढून टाकले. रक्त गेले, मरणे तेवढीच राहिली! आणि २०१३ साली दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी तर कव्हरगर्ल कंपनीने राजधानीतल्या बायकांच्या थाटाची प्रसाधने बाजारात आणली. ज्या नटव्या राजधानीची पुस्तकात चीड यावी, तिच्याच तऱ्हेची रंगरंगोटी वाचकांनी विकत घ्यावी, ह्यावर लेखिकेला चौथा भाग लिहिता आला असता.

पण खरा धक्का दिला तो वाचकांनीच. रानातल्या खेळात कॅटनिसला एक चिमुरडी भेटते, रू नावाची. वय बारा, प्रिमएवढीच. झाडांवरून पाखरासारखी उडी घेणारी, गाणे आवडणारी. दोघींची गट्टी जमते. भाला लागून रू मरते तेव्हा कॅटनिस तिच्यासाठी गाते आणि तिचा देह फुलांनी झाकते. ते पान वाचून लाखो मुले रडली असतील. रूची कातडी आणि डोळे गडद तपकिरी, असे पुस्तकात स्वच्छ लिहिलेले आहे. चित्रपटात अमांडला स्टेनबर्ग ह्या कृष्णवर्णीय मुलीने ते काम केले, आणि काही प्रेक्षक चिडले. रू काळी कशी, आम्ही तर गोरी, सोनेरी केसांची पोर समजत होतो! एकाने तर अशा अर्थाचे लिहिले की, ती काळी आहे हे कळल्यावर तिच्या मरणाचे तितके दुःख वाटले नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. त्या वाचकाने खोटे अश्रू ढाळले होते असे मला वाटत नाही. त्याला रूमध्ये प्रिम दिसली म्हणून रडू आले. ती दुसऱ्याच वस्तीतली निघाली तेव्हा ते परत घेतले. लेखिकेने रंग लिहिला होता, त्याने तो शब्द डोळ्यांआड केला. आपणही कथेतल्या गरीब, सुस्वभावी मुलीला मनातल्या मनात कुठल्या आळीत राहायला ठेवतो आणि कुठले आडनाव देतो, हे फराळाचे ताट पुढे असताना विचारणे बरे नव्हे, पण विचारतो.

तिसऱ्या भागाविषयी सांगायचे राहिले. जिच्यासाठी हा सारा खटाटोप झाला ती प्रिमच शेवटी युद्धात मरते. वाचक लेखिकेवर अजून रागावलेले आहेत. एवढे सोसून हाती काय आले, म्हणतात. माझे मत लेखिकेच्या बाजूने आहे. कॉलिन्सबाई सहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. युद्धाची गोष्ट मुलांना सांगायची तर हिशेब जुळवून सांगायची नाही, असे त्यांनी ठरवलेले दिसते. कन्येजवळ कुणीतरी असावे म्हटले ते ह्यासाठी.

बाराव्या जिल्ह्यात एक जुनी खूण आहे. डाव्या हाताची मधली तीन बोटे ओठांना लावून हात पुढे करायचा. जिवलगाला निरोप देण्याची ती रीत. दुसऱ्या भागात एक म्हातारा कॅटनिसला पाहून तसा हात करतो आणि शिपाई त्याला भर चौकात गोळी घालतात. २०१४ साली थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा तिथली तरुण मुले हीच तीन बोटे उंचावू लागली. त्या नोव्हेंबरात खोन केन येथे पाच विद्यार्थी लष्करी पंतप्रधानांच्या सभेत उठून उभे राहिले, त्यांनी बोटे दाखवली आणि पोलिसांनी त्यांना धरून नेले. त्याच आठवड्यात तिसऱ्या भागाचा चित्रपट लागत होता. बँकॉकमधल्या एका चित्रपटगृहाच्या मालकांनी त्याचे खेळ रद्द केले. २०२१ साली म्यानमारमध्ये पुन्हा लष्कर आले, तेव्हा तिथल्या इस्पितळांतले डॉक्टर आणि परिचारिका तीच तीन बोटे उंचावून फाटकाशी उभ्या होत्या.