ताप तारीख सांगून येत नाही



पाऊस लांबला तर काय करायचे, हे कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. कापसाची वेळ टळली तर दुसरे पीक, खरीप गेला तर शाळूसाठी रान राखायचे. घरात दाणा नसला तरी बियाण्याला हात लावायचा नाही. ‘आपत्कालीन पीक नियोजन’ हे नाव आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो, तुम्ही ते आधीपासून करीत होता. पण घरात कॅन्सरचा उपचार चालू असताना असे नियोजन किती घरांत असते?

मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला. जत, आटपाडी, कवठेमहांकाळचा रोगी आजही मिरजेचीच वाट धरतो. ही वाट कशी अडते ते आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. निम्मे शहर पाण्यात, कोल्हापूरजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप. जतच्या रानात पूर आला नाही, पण केमोची तारीख चुकायला पूर रानात यावा लागत नाही.

याहून मोठे संकट घरातच येते. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी अंगात रोगाशी लढायची ताकद सर्वांत कमी असते. या काळात १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच घटकेला दवाखाना, मग रात्र असो की काढणी.

आमच्या एका सोबत्याच्या घरी दहाव्या दिवशी ताप आला. शाळूची काढणी चालू होती. त्याने आम्हाला विचारले. ‘गोळी द्या, सकाळी नेऊ,’ असे आम्हीच म्हणालो. सकाळी फार उशीर झाला होता. पिकावरचा रोग पानावरून ओळखणाऱ्या आम्हाला एवढे ठाऊक नव्हते. म्हणून हा लेख.

प्रत्येक घराने पाच गोष्टी कराव्यात.

एक: फाईल. औषधांची नावे, मागच्या केमोची तारीख, रक्ताचा अहवाल, योजनेची कागदपत्रे यांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवा. फोनमध्ये फोटो ठेवा.

दोन: औषध. उलटीच्या, दुखण्याच्या गोळ्या संपायच्या आत आणा. पावसाळ्यात आठदहा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. चुकलेली केमोची गोळी आपल्या मनाने दुप्पट घेऊ नका. घरात थर्मामीटर हवाच.

तीन: गाडी. रात्री हाक मारली तर येतील अशी दोन वाहने आधीच बोलून ठेवा. १०८ क्रमांक भिंतीवर लिहा. डिझेलचे पैसे बियाण्यासारखे वेगळे बांधा.

चार: मुक्काम. पुराचा इशारा आला की पाणी चढायची वाट पाहू नका. विश्रामबागेची बाजू त्यामानाने उंच आहे. तिथे किंवा मिरजेत पाहुण्यांकडे तारखेआधीच जाऊन राहा. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस असते, त्यात खंड पडणे बरे नाही. रस्ता बंद झाला तर कुठे जायचे, हे डॉक्टरांना आजच विचारा.

पाच: रोग्याने पुराच्या पाण्यात, गाळात उतरू नये. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. कापसावर फवारणी चालू असेल तेव्हा रानात जाऊ नये.

हे एकट्या घराने निभत नाही. सोबत गेलेल्याचे रान कोण राखणार, गुरांना वैरण कोण टाकणार? प्रत्येक शाखेने रक्तदात्यांची यादी करावी आणि ज्या घरी उपचार चालू आहे, त्या घराला विचारून कामाच्या पाळ्या लावाव्यात. सुगीला आपण एकमेकांच्या रानात जातोच, तसेच हे.

आणि सरकारला सांगणे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे काढू, असे जाहीर झाले. जिल्हा रुग्णालय जतपासून लांब आहे. केमोची सोय दुष्काळी पट्ट्यात हवी, ही मागणी आम्ही विश्रामबागच्या बैठकीत मांडणार आहोत. येताना आपापल्या शाखेची यादी घेऊन या.